शेंगेची लांबी

सांबावात व्हॅनिला लांबीवर विकतात.
बाबा लाकडी पट्टीवर एकेक शेंग निजवतात,
चौदा सेंटिमीटरच्या आतली डावीकडे टोपलीत,
अठराच्या पुढची मांडीजवळ, धुतलेल्या कापडावर.
म्हणून सायबर कॅफेतला एर्मेनजिल्द
(ज्याला सगळं गाव जील म्हणतं)
जेव्हा म्हणाला, इथे उलटं असतं,
नाव जितकं आखूड तितकं महाग,
तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं:
पोरगं वजनात मारतंय का?

आमचं नाव रझाफिंद्राझाका.
चौदा अक्षरं. पुढे लावानिला जोडलं की बावीस.
जील बोटांवर मोजायला लागला, बोटं संपली,
परत करंगळीवर आला.
"लियोंमधली बाई, हाताला पीठ लागलेलं,
एवढं टाइप करेल? झेडच्या जागी एस टाकेल
आणि भलत्याच्याच दारात जाऊन उभी राहील."

तीन अक्षरांचं होतं एक. आर, झेड, के.
पण कुणीतरी केव्हाच घेऊन ठेवलेलं,
न बांधलेल्या प्लॉटसारखं,
आत गवतसुद्धा नाही, नुसती पाटी: विकणे आहे.
किंमत डॉलरमध्ये.
मी ती आधी अरिआरीत केली, मग किलोत.
गेल्या सालचं अख्खं पीक
आणि वर दोन पेट्या उसन्या.
"आहे काय त्यात?" बाबा.
"काहीच नाही," जील म्हणाला. "म्हणून तर."

मग मी मधलंच काहीतरी काढलं.
नुसतं रझाफी ठेवू, सुटसुटीत.
बाबा बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"रझाफी म्हणजे नातू. कुणाचा?
आजोबाच कापून टाकलास की तू."

"बरं, तुम्ही म्हणा पूर्ण नाव."
बाबांनी म्हटलं. जसं आम्ही सगळेच म्हणतो,
शेवटचा स्वर ओठांपर्यंत येतो आणि परत फिरतो.
"बघा, एक अक्षर तुम्हीच खाल्लंत."
"खाल्लं नाही," बाबा म्हणाले. "तोंडात ठेवलं."

मग त्यांनी खिशातून बूच काढलं.
जुन्या रमच्या बाटलीचं, त्यात रोवलेल्या सात टाचण्या.
एप्रिलात हिरव्या शेंगेवर हे दाबायचं,
वेलीवरच, एकेक करून, मान दुखेपर्यंत.
मग चोरानं रातोरात खुडू दे,
गरम पाण्यात बुडवू दे, घोंगडीत घाम काढू दे,
उन्हात काळी सुरकुतू दे,
ठिपके जात नाहीत.
बाजारात लांबून ओळखतात: ही त्यांची.
"हे टाक," बाबा जीलला म्हणाले. "याहून आखूड काय असणार?"

जीलनं खरोखर सात टिंबं टाकली.
लाल अक्षरं आली. असं नाव चालत नाही.
"टिंब चालतं," जील ओशाळून म्हणाला,
"पण दोन शेजारी बसत नाहीत."

शेवटी बावीसच घेतली. एका वर्षापुरती.
जील एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप करत होता
आणि बाबा प्रत्येकाला मान डोलवत होते,
जणू हजेरी चाललीय आणि सगळे आलेत.
आडनावाच्या शेवटच्या 'ए'पाशी
त्यांनी टेबलावर बोट टेकवलं.
"इथे खाऊ नको."
पैसे भरायच्या पानावर वीज गेली.
अंधारात आम्ही तिघं
आणि माझ्या पिशवीतल्या नमुन्यांचा वास.
दुसऱ्या दिवशी परत सगळं पहिल्यापासून.

मार्चमध्ये पहिली चौकशी आली. घेंटहून, एक बेकर.
नाव बरोबर लिहिलं होतं, बावीसच्या बावीस.
दोनशे ग्रॅम हवे आहेत म्हणाला, सोळा सेंटिमीटरच्या वरचे.
खाली एक ओळ:
फोटोत शेंगांवर बारीक ठिपके दिसतात,
कीड लागली आहे का?

बाबा पट्टीवर शेंगा मोजतायत.
त्यांना अजून सांगितलेलं नाही.
मी उत्तर लिहायला बसलेय,
आणि ते लांबतच चाललंय.